पिल्लाचे दात पडतायत आणि घरातलं काहीच शिल्लक राहत नाहीये (नाशिककर, मदत करा)

बुंदीची_आई
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. आमच्याकडे बुंदी म्हणून गावठी पिल्लू आहे, साधारण साडेचार महिन्यांची असेल. पाथर्डी फाट्याजवळ एका बांधकामाच्या साइटवर जन्मली, तिथल्या वॉचमनने आईसकट सगळी पिल्लं सांभाळली होती, त्यामुळे वय बऱ्यापैकी नक्की माहितीय. आत्तापर्यंत एकदम गुणी होती आणि आता अचानक दिसेल ते चावत सुटलीय. सोफ्याचा कोपरा, सासऱ्यांच्या आरामखुर्चीचा दांडा, पायपुसणं, झाडू, चपलांचं तर विचारूच नका, काल राउटरची वायर तोंडात धरलेली पकडली. हाताला तर सतत दात लावते, खेळता खेळता एवढ्या जोरात धरते की डोळ्यात पाणी येतं. काल पायपुसण्यावर रक्ताचे ठिपके दिसले, घाबरून तोंड उघडून बघितलं तर पुढचे दात गायब! तोंडाला वासही येतोय, लोखंडासारखा. कोरडं खाणं तोंडात घेते आणि टाकून देते. सासूबाई म्हणतात हिरड्यांना लवंगाचं तेल लाव, मिस्टर म्हणतात मटणाची नळी दे गप बसेल, आणि यूट्यूबवर बघावं तर दर माणसागणिक वेगळं. त्यात घरात ५ वर्षांचा मुलगा आहे आणि तो तिच्याशी जमिनीवर लोळूनच खेळतो. नक्की काय करायचं आणि हे कधी संपतं ते सांगा.

देवळालीकर
ताई रक्ताला घाबरू नका, थोडंफार येतंच. पिल्लाला दुधाचे दात २८ असतात आणि मोठ्या कुत्र्याला ४२, म्हणजे २८ पडणार, ४२ येणार आणि हा सगळा कारभार तीनेक महिन्यांत त्या एवढ्याशा जबड्यात उरकायचाय. चार महिन्यांच्या आसपास पुढचे बारीक दात पडायला सुरुवात होते, सुळे साधारण पाच-सहा महिन्यांचं असताना बदलतात, आणि अगदी मागच्या दाढा, ज्या दुधाच्या दातांत नसतातच, त्या यायला सहा-सात महिने होतात. म्हणजे तुमची आत्ता कुठे सुरुवात आहे 😄 पडलेले दात बहुतेक गिळूनच टाकते, त्याने काही होत नाही, ते शोधत बसू नका. वास पण हिरड्यांमुळेच, दात बदलले की जातो.

आमचा जर्मन शेफर्ड, त्याचे कान चौथ्या महिन्यात मस्त उभे राहिले होते आणि दात बदलायला लागले तसे एक उभा एक आडवा, कॅम्पात फिरायला नेलं की लोक हसायचे. दात झाले, कान परत जागेवर. शेफर्डवाल्यांनो, टेप लावायच्या आधी जरा थांबा.

रस्सा_वाढा_अजून
नळीच द्या हो. आमच्या वाड्यावर आजोबांच्या काळापासून कुत्री होती, रविवारचं मटण झालं की हाडं त्यांची. एक पण आजारी पडलं नाही. हे रबरची खेळणी बिळणी सगळी पेट शॉपवाल्यांची दुकानदारी.

इंदिरानगरच्या_आजी
आमच्याकडे पण पामेरियन होता १४ वर्षं. लवंग तेल मात्र लावू नको गं बाळ, त्याची आग होते तोंडात. त्यापेक्षा गार दही चाटव.

सातपूर_सेकंडशिफ्ट
सेम टू सेम चालूय माझ्याकडे, फॉलो करतोय. मी सेकंड शिफ्टला, बायको माहेरी, पिल्लू घरात एकटं आणि कंपनीतून आल्यावर दार उघडायलाच भीती वाटते.

टाके_घालणारी
मी व्हेट आहे. इथे फोटो बघून किंवा वर्णन वाचून निदान करत नाही, तुमचे नेहमीचे डॉक्टर आहेतच, पण काही गोष्टी सगळ्यांना लागू आहेत म्हणून लिहिते.

आजी बरोबर बोलल्यात, लवंग तेल नको. लहान बाळांच्या हिरड्यांना लावायचं जेल मिळतं ना मेडिकलमध्ये, ते पण नको, त्यातल्या काहींमध्ये बेंझोकेन असतं आणि ते कुत्र्याच्या रक्ताला बाधतं. आणि हात जोडून सांगते, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, कॉम्बिफ्लाम असलं काहीही देऊ नका. "लहान मुलाचा डोस दिला मॅडम" हे वाक्य मी क्लिनिकमध्ये फार वेळा ऐकते. दात येण्याच्या दुखण्याला सहसा औषध लागतच नाही, गार आणि मऊसर चावायला मिळालं की काम होतं. खूपच दुखतंय असं वाटलं तर कुत्र्यांसाठीची वेगळी औषधं असतात, ती तपासून द्यायची असतात.

आता नळी. शिजवलेलं हाड कधीच नाही. शिजल्यावर हाड ठिसूळ होतं, त्याच्या टोकदार चिरा निघतात आणि त्या घशात, आतड्यात कुठेही रुततात, कोंबडीची हाडं तर विचारूच नका. आणि नळीचं हाड फुटलं नाही तर दात फुटतो. वरच्या जबड्यात बाजूला जी सगळ्यात मोठी दाढ असते ती हमखास अशी उभी चिरते, आतली नस उघडी पडते आणि कुत्रं बिचारं सांगत पण नाही, एका बाजूने खायला लागतं एवढंच. नवीन आलेला पक्का दात पहिल्या वर्षात तर आतून अजून पोकळच असतो, भिंती पातळ असतात. त्यामुळे चावायला देताना साधी परीक्षा करायची. आपलं अंगठ्याचं नख त्या वस्तूत दाबायचं, जराशी तरी खळी पडली पाहिजे. किंवा ती वस्तू आपल्या गुडघ्यावर मारून बघायची, आपल्याला लागलं तर ती पिल्लाच्या दातालाही जड जाणार. या परीक्षेत हाडं नापास, शिंगं नापास, गुरांच्या खुराचे तुकडे नापास, आणि पेट शॉपमध्ये याकच्या दुधाचं चीज म्हणून ती पिवळट दगडासारखी कांडी मिळते ती पण या वयाला नापास. कातड्याची गाठ मारलेली पांढरी हाडं असतात ती सुरुवातीला कडक आणि नंतर लिबलिबीत होतात, मोठा तुकडा तसाच गिळला जातो. मी देत नाही आणि कुणाला सांगत पण नाही.

रस्सा_वाढा_अजून
मॅडम मग गंगेवरची कुत्री कशी जगतात? पंचवटीत जाऊन बघा, हाडंच खातात, एकदम टणाटण.

टाके_घालणारी
जी जगली ती तुम्हाला दिसतात.

मांजरवाली_चुकून_इथे
👏👏

रस्सा_वाढा_अजून
ठीके बुवा, पॉइंट आहे. पण मग द्यायचं काय ते तरी सांगा, नाही नाही ऐकून बिचाऱ्या ताई घाबरल्या असतील.

टाके_घालणारी
सगळ्यात स्वस्त आणि सोपं: गाजर. आत्ता थंडीत गाजरं भरपूर आहेत, चांगलं जाड, अख्खं गाजर फ्रिजमध्ये गार करून द्यायचं, आणि समोर बसायचं. बारीक चकत्या नको, अख्खी गिळते आणि अडकते. शेवटचा बोटाएवढा तुकडा उरला की काढून घ्यायचा. दुसरं, जुना सुती पंचा किंवा नॅपकिन भिजवून, पिळून, दोरीसारखा पीळ द्यायचा आणि फ्रिजरमध्ये जरा कडक होईस्तोवर ठेवायचा. हिरड्यांना भारी वाटतं. हे पण समोर बसूनच, धागे सुटायला लागले की बाद. पिल्लांसाठीची पोकळ रबरी खेळणी मिळतात त्यात साधं दही किंवा भिजवलेलं खाणं भरून गोठवलं की अर्धा तास तरी शांतता. पीनट बटर भरणार असाल तर डब्यावर आत काय काय आहे ते वाचा, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर अजिबात नको, कुत्र्याची साखर धाडकन खाली येते, जीव जाऊ शकतो. शुगर-फ्री च्युइंगमचं पण तेच, पर्समध्ये असतं बघा पुष्कळांच्या.

आणि कोरडं खाणं कोमट पाण्यात भिजवून द्या, खाईल. दह्याचं म्हणाल तर बिनसाखरेचं, थोडंसं.

बुंदीची_आई
खूप खूप धन्यवाद मॅडम. गाजर लगेच आणून दिलं, आवडलं. नळी आणि लवंग तेल दोन्ही पार्टी नाराज आहेत पण दोघांना हा धागा वाचायला दिलाय 😂 एक शंका, सासूबाई म्हणतात एवढ्या थंडीत गार गाजर दिलं तर सर्दी होईल. सकाळी इथे खरंच बोटं गोठतायत.

निफाडकर_कुडकुडे
इथे निफाडला या ताई, तुमची थंडी म्हणजे आमचा उन्हाळा.

टाके_घालणारी
गार खाऊन सर्दी होत नाही. कुत्र्यांचा सर्दी-खोकला विषाणू-जिवाणूंमुळे होतो, त्यातल्या काहींची लस पण असते. पिल्लू झोपतं ती जागा मात्र उबदार ठेवा, खाली फरशीवर नको, गोणपाटावर जुनी सतरंजी टाका. बर्फाचे मोठे कडक खडे देऊ नका एवढंच, ते पण दाताला कडक पडतात.

सातपूर_सेकंडशिफ्ट
मॅडम एकटं असताना काय करायचं? समोर बसून द्या म्हणताय पण समोर कोणी नसतंच आठ तास.

देवळालीकर
मग तेवढ्या वेळात त्याच्या तोंडाला लागेल असं काही ठेवूच नका की. एक खोली किंवा खोलीचा कोपरा त्याचा करा, लोखंडी जाळीचं प्लेपेन मिळतं नाहीतर सुताराकडून फळीचं आडवं करून घ्या. आत पाणी, झोपायचं, आणि एकच दणकट रबरी खेळणं जे फाटत नाही. वायरी भिंतीवरून वर घ्या, प्लगला वायर लटकती ठेवू नका, शॉक बसून जाणारी पिल्लं ऐकलीयत. आणि आठ तास फार होतात हो एवढ्या लहानाला, मधे कोणीतरी येऊन बाहेर काढलं पाहिजे. शेजारी काकू-बिकू बघा कोणी, दिवाळीला त्यांना चिवडा जास्त द्या.

आणि एक, जुनी चपला "खेळायला" देऊ नका कोणीही. त्याला जुनी-नवी कळत नाही, चपला म्हणजे आपली वस्तू एवढंच तो शिकतो.

कॉलेजरोड_कॉर्नर
फर्निचरला कारल्याचा रस लावा. आमच्या खुर्च्या वाचल्या.

पोमचा_बाबा
आमच्याने आवडीने चाटला कारल्याचा रस. मधुमेह होणार नाही त्याला आता.

द्राक्षबाग
पिंपळगावकडचा आहे, आमच्या मळ्यात चार कुत्री. सगळे चपला-सोफ्यांचं बोलताय पण आपल्या भागात खरा धोका दुसराच, द्राक्षं. आता जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत प्रत्येक घरात द्राक्षाची पेटी असते, पाहुणे आणतात, ऑफिसात वाटतात, खाली जमिनीवर मणी पडतात आणि दात शिवशिवणारं पिल्लू काय, खाली दिसेल ते तोंडात. आमच्या शेजारच्या वस्तीवर एक पिल्लू होतं, लिलावाला न गेलेला माल शेडमध्ये पडला होता त्यातले घड चावले त्याने. आधी उलट्या, मग मलूल, मग लघवीच बंद झाली. किडन्या गेल्या. वाचलं नाही. घरच्यांना वाटलं दात येताहेत म्हणून खात नाहीये. दोन दिवस तसेच गेले.

बुंदीची_आई
अरे देवा. आमच्याकडे आत्ता टेबलावर पेटी आहे!! मुलगा तिला भरवतो सगळं.

टाके_घालणारी
दादांनी फार महत्त्वाचं लिहिलंय, मी आधी लिहायला हवं होतं त्यात हे. द्राक्षं, बेदाणे, मनुके, काळ्या मनुका सगळं आलं. म्हणजे शिरा, खीर, ड्रायफ्रूटचा डबा पण. किती खाल्लं की बाधतं याचा भरवशाचा आकडा नाही, एखाद्या कुत्र्याला मूठभर खाऊन काही होत नाही आणि एखाद्याला थोडक्यात होतं, म्हणून "आमच्या कुत्र्याला काही झालं नाही" याला अर्थ नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी लक्षात आणून दिलं की यामागे टार्टारिक अॅसिड असावं, द्राक्षात ते खूप असतं आणि प्रत्येक जातीत, पिकलेपणानुसार कमी-जास्त असतं. आपल्या चिंचेत पण तेच अॅसिड भरपूर, तेव्हा चिंचेचा गोळा, चिंचेचे कोळ काढलेले चोथे पण लांब. खाल्लेलं कळलं की लक्षणं यायची वाट बघायची नाही, लगेच फोन करून निघायचं, पहिल्या एक-दोन तासांत उलटी करवता येते. घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका, मीठाने वेगळंच होऊन बसतं.

आणि आपण लासलगाववाले, कांद्याचं पण सांगते. कच्चा, शिजलेला, वाळवलेला, कांदा-लसूण मसाला, सगळा. त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि ते लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, लघवी लालसर-काळपट होते. कांद्याचं पोतं गॅलरीत खाली ठेवलेलं असतं बऱ्याच घरात, चावायला एकदम मस्त कुरकुरीत. वर टांगा. मिसळीचा रस्सा चाखवणारे पण हात वर करा बघू.

रस्सा_वाढा_अजून
माझ्याकडे का बघताय 😐

मांजरवाली_चुकून_इथे
आयडीच सांगतोय सगळं.

गच्चीवरचा_पतंग
संक्रांत पण आली. येवल्याला तर तीन दिवस धिंगाणा, पण नाशकात पण गच्च्यांवर, जिन्यात मांजाचे गुंते पडलेले असतात. मित्राच्या पिल्लाने मांजा गिळला होता, आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा झालं, ऑपरेशन करावं लागलं. शेपटाखालून दोरा बाहेर आलेला दिसला तर ओढू नका, आतून कापतो.

टाके_घालणारी
अगदी. ओढायचा नाही, तसाच घेऊन यायचं. मोजे, सुई-दोरा, देवातल्या वाती, राखीच्या गोंड्यांपर्यंत सगळं काढलंय मी पोटातून. मक्याचं कणीस खाल्ल्यावर उरतो तो भाग आणि उन्हाळ्यात आंब्याची कोय, ही दोन तर ठरलेली. लोकांना वाटतं चघळेल आणि टाकेल. गिळते.

बुंदीची_आई
पेटी वर गेली, कांदे वर गेले, गच्चीचं दार बंद. आता घरात खाली फक्त माणसं राहिलीत चावायला 😭 त्याचं सांगा ना. काल मुलाच्या मनगटावर दात लागला, जरासं खरचटलं, रक्त नाही आलं पण तो रडला खूप. सासूबाईंनी हळद लावली. घरचंच पिल्लू आहे आणि तिला रेबीजची लस पण दिलीय गेल्या महिन्यात, तरी काही करायला हवं का?

टाके_घालणारी
ताई, हे ऑनलाइन विचारून ठरवायचं नाही, आजच मुलाच्या डॉक्टरकडे जा. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायची, हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावायचं नाही, पट्टी पण बांधायची नाही. मग डॉक्टर ठरवतील. रक्त न येता खरचटलं असेल तरी लस घ्यायला सांगतात, रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन पण लागतं. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. पिल्लाला लस दिलीय ही चांगली गोष्ट पण तेवढ्यावर आपण घरी बसून सोडून द्यायचं नाही, रेबीजला एकदा लक्षणं दिसली की उपाय नाही, आणि ती आईसोबत साइटवर वाढलेली आहे.

इंदिरानगरच्या_आजी
जा गं आधी. बाकीचं नंतर वाच.

बुंदीची_आई
जाऊन आले. पहिलं इंजेक्शन झालं, पुढच्या तारखा लिहून दिल्यात. डॉक्टर म्हणाले बरं झालं आलात. मुलगा आता सगळ्यांना दंड दाखवत फिरतोय.

आता चावण्याचं सांगा, मी ओरडले की तिला वाटतं खेळतेच आहे, अजून चेकाळते.

देवळालीकर
ओरडू नका, मारू नका, तोंड दाबून धरू नका. नाकावर टिचकी मारा सांगणारे भेटतील, त्याने हात जवळ आला की चावायचं एवढंच ती शिकेल. दात लागला की खेळ बंद. हात स्थिर ठेवा, ओढलात की तिच्यासाठी शिकार झाली. "आई गं" एवढं साधं बोला, उठा, दाराच्या पलीकडे जा, अर्धा मिनिट. परत या, तोंडात खेळणं द्या, मग खेळा. घरातल्या प्रत्येकाने हेच केलं पाहिजे, नाहीतर मिस्टर हाताने मस्ती करणार आणि मुलगा मार खाणार. मुलाने जमिनीवर लोळायचं बंद, काही महिने. त्याला खुर्चीत बसवून गाजर धरायला द्या, खेळ तोच पण उंची वेगळी. आणि मोठं माणूस सोबत असल्याशिवाय दोघं एकत्र नाहीतच.

दुसरं म्हणजे झोप. लोक दमवतात पिल्लांना, चार-चार चकरा सोसायटीला, की दमली म्हणजे चावणार नाही. उलटं होतं. एवढं पिल्लू दिवसाचे १८-२० तास झोपलं पाहिजे. संध्याकाळी सातला ते पिसाळल्यागत पळतं, पायांना चावतं, ते बहुतेक वेळा झोप न झाल्यामुळे. तासभर जागं, मग दोन तास शांत जागेत, अंधार करून. आमच्याकडे निम्मं चावणं एवढ्यानेच गेलं.

सातपूर_सेकंडशिफ्ट
हे झोपेचं कोणीच सांगितलं नव्हतं. मी आलो की रात्री १२ ला खेळवायचो त्याला एक तास 🤦

कॉलेजरोड_कॉर्नर
दोरीची रस्सीखेच खेळली तर चालते का या दिवसांत?

टाके_घालणारी
हळू, मऊ खेळण्याने, आणि तिने ओढायचं, तुम्ही फक्त धरायचं. झटके नाहीत, वर उचलायचं नाही. दात हलत असतात, दुखतं. रक्त आलं तर दोन दिवस सुट्टी.

आणि जाता जाता अजून एक, द्राक्षबागवाल्या दादांनी लिहिलंय ना "दात येताहेत म्हणून खात नाहीये", ते सगळ्यांनी लक्षात ठेवा. दात येताना पिल्लू जरा कमी खातं, लाळ गळते, चिडचिडं होतं, इथपर्यंत ठीक. पण उलट्या, पातळ शी, त्यात रक्त, ताप, एकदम मलूल पडणं, पाणी पण न पिणं, यातलं काहीही दातामुळे होत नाही. या वयात पार्व्होची (उलट्या-जुलाबाचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) भीती असते, विशेषतः लसी अर्धवट असतील तर. पिल्लांच्या लसी १६ आठवड्यांचं होईपर्यंत टप्प्याटप्प्याने द्यायच्या असतात, एक देऊन थांबलेले पुष्कळ आहेत. दातावर ढकलून दोन दिवस थांबलात तर हातातून जातं.

पोमचा_बाबा
धागा वर काढतोय. आमचा पोम (पामेरियन) सात महिन्यांचा झाला, पण वरच्या सुळ्यांना दोन्हीकडे जोडी दिसतेय, एक जाड एक सुईसारखा, शेजारी शेजारी. मध्ये केस आणि खाणं अडकतं. पडेल का आपोआप? बायको म्हणते शार्कसारखं क्यूट दिसतंय.

टाके_घालणारी
सात महिन्यांना दोन्ही एकत्र असतील तर वाट बघू नका, दाखवा. एका जागी एका वेळी एकच दात असला पाहिजे. दुधाचा दात सुटला नाही की पक्का दात भलत्या जागी येतो, चावा वाकडा बसतो, कधी खालचा सुळा वर टाळूला टोचतो, आणि दोन दातांच्या फटीत घाण साचून लहान वयातच हिरड्या खराब होतात. पोम, चिहुआहुआ, यॉर्की, असल्या छोट्या जातींत हे फार. भूल देऊन काढतात, मूळ लांब असतं त्यामुळे घरी हलवून काढायचा प्रयत्न अजिबात नको, आत तुटतं. नसबंदी करायचीच असेल तर एकाच भुलीत दोन्ही होतं, डॉक्टरांना विचारा.

पोमचा_बाबा
बुकिंग केलं. दोन्ही एकत्रच करणार.

रस्सा_वाढा_अजून
बुंदीचं काय झालं पुढे? ताई गायब.

बुंदीची_आई
आहे आहे. वरचा एक सुळा पडला, सोफ्याच्या गादीत सापडला, मुलाने काडेपेटीत ठेवलाय आणि शाळेत न्यायचा हट्ट चाललाय. दुसरा हलतोय. नवीन सुळ्याचं टोक दिसायला लागलंय, म्हणून मॅडमनी लिहिल्यासारखं रोज बघते जोडी होतेय का. तोंडात बोट घालून घेते आता, गाजराची लाच देऊन सवय लावली, डॉक्टर म्हणाले हे फार चांगलं केलंत, पुढे ब्रश करायला सोपं जाईल. चावणं निम्म्यावर आलंय, संध्याकाळची झोप सक्तीची केल्यापासून. सासूबाईंनीच तिच्यासाठी जुन्या लुगड्याचा पीळ करून फ्रिजरमध्ये ठेवायला सुरुवात केलीय, आणि मटार शोधताना मिस्टरांच्या हाताला रोज तोच लागतो.

पोमचा_बाबा
आमचं पण झालं ऑपरेशन. दोन्ही दात काढले, मुळासकट. दोन आठवडे मऊ खाणं आणि खेळणी बंद. साहेब रागावलेत.

सातपूर_सेकंडशिफ्ट
शेजारच्या काकू तयार झाल्या, दुपारी चारला येऊन बाहेर काढतात त्याला. त्यांनीच आता त्याचं नाव बदलून मोती ठेवलंय, आम्ही ब्रूनो ठेवलं होतं. तो मोतीलाच येतो.

बुंदीची_आई
😂😂 देवळालीकर काका एक शेवटचं विचारते, पुढच्या महिन्यात नणंदेचा साखरपुडा आहे आमच्याकडे, हॉलला नवीन पडदे लावायचेत. आता लावू ना? सुळे तर येत आले.

देवळालीकर
मागच्या दाढा राहिल्यात अजून. पडदे शिवून आणा, लावा साखरपुड्याच्या आदल्या रात्री.